एलमॉड: सॉफ्टवेअर कुठे ठेवलंय ते विचारायची सोय

मी पुण्यात पावसाची गणितं करते. डब्ल्यूआरएफ नावाचं हवामानाचं मॉडेल क्लस्टरवर, म्हणजे अनेक जण मिळून वापरतात अशा जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यावर, चालवते आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पडणारा पाऊस त्यात कसा उतरतो ते बघते. या कामात माझे हात सगळ्यात जास्त वेळा ज्या कमांडवर जातात ती म्हणजे ‘मॉड्यूल’. आमच्या क्लस्टरवर ही कमांड एलमॉड या सॉफ्टवेअरकडून येते. हवं ते सॉफ्टवेअर, हव्या त्या आवृत्तीचं, चालू टर्मिनलला सापडेल असं करणं (‘लोड’ करणं) हे तिचं काम. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि अगदी हुशार मुलंसुद्धा मॉडेलच्या भौतिकशास्त्रात न अडता ‘लायब्ररी सापडत नाही’ या एका वाक्यापाशी अडतात. (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड.) एलमॉड बरोबर त्याच जागी उपयोगी पडतं. तरी बहुतेक जण त्यातली ‘लोड’ ही एकच गोष्ट शिकतात आणि पुढे जातात. त्याची खरी किंमत लोडच्या पलीकडे आहे, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहिते आहे.

मुळात हा प्रश्न का पडतो ते आधी सांगते. घरच्या उबंटूवर एखादी लायब्ररी टाकली की ती /यूएसआर च्या पोटात ठरलेल्या जागी जाते आणि कंपायलरला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला, ती जागा माहीत असते. क्लस्टरवर तसं चालत नाही. शेजारच्या गटाला जुनी नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) हवी असते, आम्हाला नवी. कुणी जीसीसीने बांधतं, कुणी इंटेलच्या कंपायलरने. फोर्ट्रानमध्ये तर ही आवडीनिवडीची बाब राहत नाही, कारण जीफोर्ट्रानने (जीसीसीच्या फोर्ट्रान कंपायलरने) तयार केलेली डॉट-मॉड फाइल इंटेलच्या कंपायलरला वाचताच येत नाही. त्यामुळे तीच लायब्ररी प्रत्येक कंपायलरसाठी, आणि समांतर चालणारी असेल तर प्रत्येक एमपीआयसाठीही (समांतर चालणाऱ्या भागांना एकमेकांशी बोलू देणारी लायब्ररी), वेगळी बांधावी लागते. मग त्या सगळ्या प्रती वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात आणि पत्ता लांबत जातो: आधी कंपायलर, त्याची आवृत्ती, मग एमपीआय, त्याची आवृत्ती, मग लायब्ररी, तिची आवृत्ती. स्पॅक या सॉफ्टवेअर बांधून देणाऱ्या साधनाने बांधलेलं असेल तर शेवटी ३२ अक्षरांचा हॅशही, म्हणजे त्या बांधणीची ओळख सांगणारी अक्षरमाळ, चिकटलेला असतो. असले पत्ते कुणी पाठ करू नयेत, आणि स्क्रिप्टमध्ये तर ते मुळीच उतरवू नयेत.

युनिक्सकडे यावर जुना उपाय आहे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी मिळते, आणि ती त्याला सुरू करणाऱ्या पालक प्रोग्रॅमकडून येते. ‘पाथ’मध्ये कमांड कुठे शोधायच्या ती फोल्डरं, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या लायब्रऱ्या कुठे बघायच्या ती फोल्डरं, ‘जावा_होम’मध्ये जावा जिथे बसवलंय ते मूळ फोल्डर. यादी पालकाकडून मुलाकडे जाते. मुलाने तिच्यात केलेला बदल पालकाकडे परत येत नाही. एलमॉडची सगळी रचना या नियमाभोवती उभी आहे.

कारण असं की, तुम्ही टर्मिनलवर एखादा प्रोग्रॅम चालवलात तर तो तुमच्या शेलचं (टर्मिनलवरच्या कमांडा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) मूल असतो. त्याने ‘पाथ’ कितीही बदलला तरी तो संपला की बदलही गेला. मग ‘मॉड्यूल लोड’ तुमच्या चालू शेलमध्ये बदल करतं कसं? तर ‘मॉड्यूल’ हा प्रोग्रॅम नाहीच, ते शेलमधलं छोटंसं फंक्शन आहे. ते आतून एलमॉडचा खरा प्रोग्रॅम चालवतं. तो प्रोग्रॅम स्वतः काहीही न बदलता फक्त शेलला समजतील अशा ओळी छापतो, म्हणजे अमुक व्हेरिएबलला तमुक किंमत द्या, आणि फंक्शन त्या ओळी ‘इव्हॅल’ करून तुमच्याच शेलमध्ये राबवतं. ‘टाइप मॉड्यूल’ असं टर्मिनलवर लिहून बघा, फंक्शन समोर उघडं होईल. मला ही युक्ती फार आवडते. त्यात झाकून ठेवलेलं काही नाही.

युक्ती एलमॉडची नव्हे, तिच्या आधीची. जॉन फर्लानी यांनी १९९१ मध्ये ‘मॉड्यूल्स’ची कल्पना मांडली. (आपल्या सी-डॅकने परम ८००० लोकांसमोर आणला तेही १९९१ च. मोठी यंत्रं आणि ती वापरताना होणारा घोळ आवरायची साधनं, दोन्ही एकाच सुमाराला आली.) मॉड्यूल फाइल, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर लोड करताना काय बदलायचं ते सांगणारी फाइल, त्यात पुढे टीसीएल भाषेत लिहायची रीत पडली. ते मूळ सॉफ्टवेअर ‘एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स’ या नावाने आजही चालू आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या येतात आणि ते उत्तम आहे. एलमॉड हे त्याच कमांडा नव्याने लिहिलेलं दुसरं सॉफ्टवेअर. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संगणन केंद्रात रॉबर्ट मॅक्ले यांनी ते लुआ भाषेत लिहिलं. जुन्या टीसीएल फाइलीही त्याला वाचता येतात, म्हणून केंद्रांना बदलणं सोपं गेलं. वापरायला ते पूर्ण मोफत आणि मुक्त आहे.

आता वापराबद्दल.

‘मॉड्यूल अव्हेल’ केलं की यादी येते, आणि नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. एलमॉडवर पायऱ्यांची रचना केलेली असेल तर ही यादी संपूर्ण नसते. सुरुवातीला फक्त कंपायलर आणि कंपायलरशी संबंध नसलेल्या गोष्टी दिसतात. जीसीसी लोड केलं की जीसीसीने बांधलेल्या लायब्रऱ्या यादीत उगवतात. त्यावर ओपन-एमपीआय लोड केलं की त्या जोडीवर बांधलेली समांतर एचडीएफ५, नेटसीडीएफ वगैरे दिसू लागतात. ‘अव्हेल’मध्ये नेटसीडीएफ दिसत नाही म्हणून ‘क्लस्टरवर ती नाहीच’ असं ठरवून स्वतःच्या होम फोल्डरमध्ये सगळं बांधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी आधी ‘मॉड्यूल स्पायडर नेटसीडीएफ’ विचारायला हवं. स्पायडर सगळ्या पायऱ्या धुंडाळतो, आणि पूर्ण आवृत्तीसकट नाव दिलं तर ती मिळवण्यासाठी आधी नेमकं काय लोड करायला लागेल तेही सांगतो. एलमॉड पुरेसं आहे का असं मला विचारलं तर माझं अर्धं उत्तर स्पायडरमध्ये आहे.

पायऱ्यांच्या रचनेचा खरा फायदा कंपायलर बदलताना होतो. जीसीसी, ओपन-एमपीआय, नेटसीडीएफ असं सगळं लोड आहे आणि तुम्ही जीसीसी काढून इंटेल घातलंत, तर एलमॉड वरच्या लायब्रऱ्या स्वतःहून इंटेलवर बांधलेल्या प्रतींनी बदलतो आणि काय काय बदललं ते छापतो. जिची इंटेलवर प्रत नाही ती लायब्ररी तो निष्क्रिय करून ठेवतो, आणि तेही सांगतो. एका नावाचं एकच मॉड्यूल लोड राहील हा नियम तर तो पाळतोच. जीसीसीची लायब्ररी आणि इंटेलचा कंपायलर अशी भेसळ झाली की ती कंपाइल करताना पकडली जाईलच असं नाही. कधी जॉब (क्लस्टरकडे चालवायला दिलेलं काम) अर्ध्यावर कोसळल्यावर कळतं, आणि तेव्हा रांगेत थांबलेला वेळ गेलेला असतो. ही भेसळ आधीच होऊ न देणं हा या सॉफ्टवेअरचा मोठा गुण आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाची कमांड ‘मॉड्यूल शो’. ती काहीही बदलत नाही. मॉड्यूल लोड केलं तर नक्की काय होईल ते ओळीओळीने दाखवते. एका ओळीत ‘प्रिपेंड_पाथ’ आणि पुढे ‘पाथ’ला जोडायचं बिन फोल्डर. दुसऱ्या ओळीत ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ला जोडायचं लिब फोल्डर. कुठे ‘डिपेंड्स_ऑन’, म्हणजे हे ज्याच्यावर अवलंबून आहे ते. आणि मग ‘सेटएन्व्ह’च्या ओळी. त्यातल्या एखाद्या ओळीत त्या सॉफ्टवेअरचं मूळ फोल्डर एका व्हेरिएबलला दिलेलं असतं. मला लागतो तो पत्ता हाच. फाइलींचं झाड धुंडाळायला नको, ‘फाइंड’ लावून सामायिक डिस्कला ताण द्यायला नको, ॲडमिनना मेल लिहून उत्तराची वाट बघायला नको.

गेल्या पावसाळ्यात आलेला एक विद्यार्थी, कोल्हापूरकडचा, डब्ल्यूआरएफ बांधायला बसला होता. आमचं बोलणं साधारण असं झालं:

“मॅडम, कॉन्फिगर म्हणतंय नेटसीडीएफ सेट नाही.”

“मॉड्यूल लोड केलंस का?”

“केलंय की. लिस्टमध्ये दिसतंय बघा.”

“मग शो कर, आणि सेटएन्व्हच्या ओळी मला वाचून दाखव.”

त्याने वाचल्या. मूळ फोल्डर होतं, पण ते ‘ईबीरूटनेटसीडीएफ’ या व्हेरिएबलमध्ये. डब्ल्यूआरएफची कॉन्फिगर स्क्रिप्ट मात्र नुसतं ‘नेटसीडीएफ’ नावाचं व्हेरिएबल शोधते. मॉड्यूल लोड झालेलं, लायब्ररी जागच्या जागी, पत्ताही हजर, फक्त विचारणाऱ्याने एक नाव विचारलं आणि सांगणाऱ्याने दुसऱ्या नावाखाली ठेवलं.

आणखी एक गुंता होता. नेटसीडीएफचे सी आणि फोर्ट्रान असे दोन भाग वेगवेगळे बसवले जातात. सी भागाचं मूळ फोल्डर एक, फोर्ट्रान भागाचं दुसरं, त्याचं व्हेरिएबल ‘ईबीरूटनेटसीडीएफमिनफोर्ट्रान’. मधला ‘मिन’ हा नावातल्या आडव्या रेघेच्या जागी आलाय, कारण व्हेरिएबलच्या नावात ती रेघ चालत नाही. आम्ही बांधत होतो त्या डब्ल्यूआरएफच्या कॉन्फिगरला मात्र दोन्ही भाग एकाच फोल्डरात, त्याच्या लिब आणि इन्क्लूड या उपफोल्डरांत हवे असतात. म्हणून आम्ही एक रिकामं फोल्डर केलं, त्यात लिब आणि इन्क्लूड केली, दोन्ही मूळ फोल्डरांतल्या फाइलींच्या लिंका त्यात जोडल्या, आणि ‘नेटसीडीएफ’ला त्या फोल्डरचा पत्ता दिला. लिंका जोडताना पत्ते हाताने न लिहिता ती दोन ईबीरूट व्हेरिएबलंच वापरली. म्हणून उद्या आवृत्ती बदलली तरी तीच चार ओळींची स्क्रिप्ट पुन्हा चालवता येते. एक गोष्ट आधी बघून घ्या: काही ठिकाणी लायब्रऱ्या ‘लिब’ऐवजी ‘लिब६४’मध्ये असतात, आणि कॉन्फिगर तिकडे बघेलच असं नाही.

इथे माझी एलमॉडविषयीची मुख्य तक्रार येते, आणि खरं तर ती ज्यांनी मॉड्यूलं लिहायची त्यांच्याविषयी जास्त आहे. मूळ फोल्डरच्या व्हेरिएबलला काय नाव द्यायचं याबद्दल एलमॉड काही म्हणत नाही. तो मॉड्यूल लिहिणाऱ्याने सांगितलेलं इमानाने करतो. परिणामी प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. ईझीबिल्ड, बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात सुरू झालेलं आणि २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं साधन, प्रत्येक मॉड्यूलमध्ये आपणहून ‘ईबीरूट’ आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव असं व्हेरिएबल घालतं. टेक्ससच्या त्या केंद्रात ‘टीएसीसी_नेटसीडीएफ_डीआयआर’, त्याच्या जोडीला ‘_लिब’ आणि ‘_इन्क’. क्रे कंपनीच्या यंत्रांवर ‘नेटसीडीएफ_डीआयआर’. स्पॅकने केलेल्या मॉड्यूलमध्ये ॲडमिनने वेगळं सांगितल्याशिवाय असं व्हेरिएबल नसतंच. एका क्लस्टरवर लिहिलेली बिल्ड स्क्रिप्ट दुसऱ्यावर नेली की पहिल्याच ओळीत अडते. आपल्याकडे इतक्या संस्थांत आता यंत्रं आहेत. पुण्यातच आयआयटीएममध्ये प्रत्यूष आला, आयसरमध्ये परम ब्रह्म आला. विद्यार्थी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातातच. तेव्हा मॉड्यूल लिहिणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे: मूळ फोल्डरचं व्हेरिएबल द्याच, आणि शक्य असेल तर सॉफ्टवेअरचं नाव आणि पुढे ‘_रूट’ असंही एक द्या. सीमेक हे बांधणीचं साधन २०१८ मधल्या ३.१२ या आवृत्तीपासून ‘फाइंड_पॅकेज’ करताना, म्हणजे लायब्ररी शोधताना, नेमकं या नावाचं व्हेरिएबल बघतं. ज्याला सीमेकने बांधायचं त्याला मग वेगळा पत्ता द्यावाच लागत नाही. (पॅकेजच्या नावात सीमेकला जी छोटी-मोठी अक्षरं अपेक्षित आहेत तीच व्हेरिएबलमध्ये ठेवावी लागतात, एवढं पथ्य. सगळी मोठी अक्षरं चालायला लागली ती बऱ्याच नंतर.)

जिथे असं व्हेरिएबल दिलेलंच नाही तिथेही रस्ता आहे. नेटसीडीएफबरोबर ‘एनसी-कॉन्फिग’ आणि ‘एनएफ-कॉन्फिग’ नावाचे दोन छोटे प्रोग्रॅम येतात. मॉड्यूल लोड करून त्यांना ‘--प्रिफिक्स’ विचारा, ते आपलं मूळ फोल्डर सांगतात. बऱ्याच लायब्रऱ्यांची माहिती ‘पीकेजी-कॉन्फिग’ही देतो, तो ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मधली फोल्डरं बघतो. काहीच नसेल तर ‘टाइप -ए’ लावून कमांड कुठे आहे ते बघायचं आणि त्या पत्त्यातून शेवटचे दोन टप्पे, म्हणजे प्रोग्रॅमचं नाव आणि बिन, काढून टाकायचे. मी ‘विच’पेक्षा ‘टाइप -ए’ सुचवते, कारण ‘टाइप’ शेलच्या आतला आहे. तो फंक्शन आणि एलियससुद्धा दाखवतो, आणि ‘-ए’मुळे पाथमधल्या सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. पहिली तुम्हाला हवी तीच आहे की नाही हे लगेच कळतं.

हा क्रम बघायची गरज कोंडा (पायथन वगैरेची पॅकेजं बसवायचं साधन) वापरणाऱ्यांना फार पडते. कोंडाचं एन्व्हायर्नमेंट चालू केलं की ते आपलं बिन फोल्डर पाथमध्ये पुढे आणून ठेवतं. त्यात स्वतःची नेटसीडीएफ, स्वतःची एचडीएफ५, कधी स्वतःचा एमपीआयसुद्धा असतो. त्यानंतर मॉड्यूल लोड केलं तर मॉड्यूलची फोल्डरं पुढे येतात, उलट क्रमाने केलं तर कोंडाची. दोन्ही साधनं आपापल्या जागी चांगली आहेत. माझ्या गटात रीत अशी की मॉडेल बांधताना आणि चालवताना कोंडा पूर्ण बंद, आणि आलेख काढताना मॉड्यूलं पूर्ण काढलेली. बांधून झाल्यावर ‘एलडीडी’ने तयार प्रोग्रॅम तपासायचा, तो कोणत्या फोल्डरातली लायब्ररी उचलतोय ते तिथे स्पष्ट दिसतं. व्हेरिएबल काय सांगतं ते महत्त्वाचं आहेच, पण शेवटी जोडलं काय गेलं ते ‘एलडीडी’ सांगतो, आणि ज्या टर्मिनलमधून तुम्ही विचारता तिथल्या ‘एलडी_लायब्ररी_पाथ’प्रमाणे सांगतो. म्हणून ही तपासणी जॉबच्या स्क्रिप्टमध्येही एकदा टाकून बघावी.

जॉबच्या स्क्रिप्टवरून आठवलं. स्लर्ममध्ये (जॉबांची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘एसबॅच’ने जॉब पाठवला की, वेगळं काही सांगितलं नाही तर, जॉब पाठवताना तुमच्या शेलमध्ये असलेलं सगळं एन्व्हायर्नमेंट जॉबबरोबर जातं. म्हणजे सकाळी दुसऱ्याच कामासाठी लोड केलेलं मॉड्यूल संध्याकाळच्या जॉबमध्ये शिरतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘मॉड्यूल पर्ज’ लिहून पाटी कोरी करावी आणि मग हवी ती मॉड्यूलं आवृत्तीसकट लोड करावीत. आवृत्तीसकट हे महत्त्वाचं. नुसतं ‘नेटसीडीएफ’ लिहिलं तर एलमॉड त्या वेळची ठरलेली आवृत्ती घेतो, जिच्यापुढे यादीत कंसात डी असतो. ॲडमिनने ती बदलली की तुमची स्क्रिप्ट न बदलताही तुमचा निकाल बदलू शकतो. शोधनिबंध लिहिताना वर्षभरापूर्वीचा रन पुन्हा करून दाखवायची वेळ येते तेव्हा या एका ओळीचं मोल कळतं.

एलमॉडमध्ये मला टोचणाऱ्या दोन लहान गोष्टी आहेत. पहिली: ‘मॉड्यूल अव्हेल’ची यादी ‘ग्रेप’ या ओळी गाळणाऱ्या कमांडकडे पाठवली तर काहीच गाळलं जात नाही, सगळी यादी जशीच्या तशी स्क्रीनवर येते. कारण शेलने राबवायच्या ओळी नेहमीच्या आउटपुटमधून जातात, म्हणून माणसाने वाचायचं सगळं तो एरर आउटपुटवर छापतो. कारण पटतं, पण नव्या माणसाला ते कुणी सांगत नाही. ‘--रीडायरेक्ट’ हा पर्याय दिला की काम होतं. सोबत ‘-टी’ दिलं तर एका ओळीत एक नाव येतं आणि ‘ग्रेप’ला सोपं जातं.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. मॉड्यूलमध्ये ‘सेटएन्व्ह’ने दिलेलं व्हेरिएबल मॉड्यूल काढताना पुसलं जातं, आधीची किंमत परत येत नाही. समजा तुमच्या बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलीत) तुम्ही ‘नेटसीडीएफ’ला स्वतःच्या फोल्डरचा पत्ता दिलाय, मग तेच व्हेरिएबल देणारं मॉड्यूल लोड केलंत आणि नंतर काढलंत, तर तुमचा पत्ताही जातो. आधीची किंमत जपणारं ‘पुशएन्व्ह’ एलमॉडमध्ये आहे, पण मॉड्यूल लिहिणारे ते क्वचित वापरतात. माझा सल्ला असा की बॅशआरसीमध्ये असे पत्ते ठेवूच नयेत. स्वतःची लायब्ररी असेल तर तिचं स्वतःचं मॉड्यूल लिहावं.

आणि ते लिहिणं खरोखर सोपं आहे. होममध्ये मॉड्यूलफाइल्स नावाचं फोल्डर करा, त्यात सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर, त्यात आवृत्तीच्या नावाची डॉट-लुआ फाइल. फाइलमध्ये मूळ पत्ता एकदाच, ‘लोकल बेस’ म्हणून. पुढे ‘पाथ’साठी एक ‘प्रिपेंड_पाथ’, लायब्ररीसाठी दुसरा, आणि ‘सेटएन्व्ह’ने ‘_रूट’ व्हेरिएबल. ज्यावर ते अवलंबून आहे त्याचं ‘डिपेंड्स_ऑन’. मग ‘मॉड्यूल यूज’ने ते फोल्डर ‘मॉड्यूलपाथ’मध्ये घाला, झालं, तुमचं मॉड्यूल बाकीच्यांच्या शेजारी यादीत दिसतं. डब्ल्यूआरएफसाठी लिंका जोडलेलं ते फोल्डर आता आमच्या गटात असंच एक मॉड्यूल आहे. ते ‘नेटसीडीएफ’ हे नाव बरोबर त्या पत्त्यावर लावतं, आणि नव्या विद्यार्थ्याला एका ओळीत काम सुरू करता येतं. पत्ता फक्त एका फाइलीत लिहिलेला असल्यामुळे सामायिक डिस्क बदलली तेव्हा आम्हाला ती एकच फाइल बदलावी लागली.

क्लस्टरपासून दूर असलेल्यांनाही हा मुद्दा लागू आहे. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपांचे मॅक आणले तेव्हा होमब्रू या सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाचं मूळ फोल्डर त्या मॅकवर /ऑप्ट/होमब्रू झालं, इंटेलवाल्या मॅकवर ते /यूएसआर/लोकल होतं आणि तिथेच राहिलं. ज्यांनी स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता उतरवला होता त्यांच्या स्क्रिप्टा नव्या मॅकवर बंद पडल्या. ज्यांनी ‘होमब्रू_प्रिफिक्स’ हे व्हेरिएबल वाचलं किंवा ‘ब्रू --प्रिफिक्स’ विचारलं, त्यांच्या दोन्हीकडे चालत राहिल्या.

एलमॉड कुणी घ्यावं? ज्या विभागात एकाच सर्व्हरवर चार-पाच जणही वेगवेगळ्या आवृत्त्या वापरतात तिथे ते जरूर बसवावं. सुपरकंप्युटरच हवा असं नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एक सामायिक यंत्र असतं आणि ‘पायथन कुणी बदललं’ यावरून वाद होतात, तिथे हे फार उपयोगाचं आहे. एकट्याच्या लॅपटॉपवर, जिथे एकाच आवृत्तीवर भागतं, तिथे त्याची गरज नाही. पण क्लस्टरवर जाण्याआधी सराव करायचा असेल तर घरी बसवायला हरकत नाही. उबंटू आणि डेबियनमध्ये ‘एलमॉड’ याच नावाचं पॅकेज आहे, फेडोरात आहे, होमब्रूमध्येही आहे. पॅकेज टाकल्यावर ‘मॉड्यूल’ लिहिलं आणि कमांड सापडत नाही असं उत्तर आलं, तर शेलला ते फंक्शन अजून मिळालेलं नाही एवढाच अर्थ. लॉगआउट करून परत लॉगिन करा. मॅकवर होमब्रूने बसवलं असेल तर बसवून झाल्यावर छापून येणारी ओळ आपल्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत घाला आणि नवं टर्मिनल उघडा. मग ‘टाइप मॉड्यूल’ केलं की फंक्शन दिसेल.